साखरेऐवजी: कुणी, कशात आणि किती

२०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की वजन आटोक्यात ठेवायचे म्हणून साखरेऐवजी स्वीटनर वापरू नका. दोनच महिन्यांनी, जुलैत, ॲस्पार्टेम या स्वीटनरबद्दल दोन तज्ज्ञ समित्यांचे निष्कर्ष एकाच दिवशी जाहीर झाले. एकीने त्याला 'कर्करोगाचे संभाव्य कारण' असलेल्या पदार्थांच्या यादीत घातले. दुसरीने, रोज किती पोटात गेले तरी चालेल याची जुनी मर्यादा जशीच्या तशी कायम ठेवली. पहिल्या दोन बातम्या व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचल्या, तिसरी वाटेतच अडकली. मग कुणी स्वीटनरच्या गोळ्यांची डबी कचऱ्यात टाकून चहात पुन्हा दोन चमचे साखर घालू लागले. ज्यांनी बातम्या वाचल्याच नव्हत्या ते 'शुगर-फ्री' लिहिलेले पेढे निर्धास्तपणे खात राहिले.

दोघांचेही चुकलेच. स्वीटनर चांगला की वाईट, असा प्रश्न विचारला की उत्तर कायम अर्धवट मिळते. तो कशाच्या जागी येतो, कुणाच्या पोटात जातो आणि दिवसाला किती जातो, हे तीन तपशील घातल्याशिवाय कुठल्याही अभ्यासाचा अर्थ लागत नाही. गेल्या काही वर्षांत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. त्यातले पक्के काय, कच्चे काय आणि आपल्या ताटाशी त्याचा संबंध काय, ते पाहू.

आधी साखरेचा हिशोब

भारतात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते. १४० कोटी लोकांत ती वाटली तर माणशी २० किलो, म्हणजे रोजची ५५ ग्रॅमच्या आसपास येते. घरच्या डब्यातली, बिस्किटांतली, शीतपेयांतली, मिठाईतली, आइस्क्रीममधली अशी सगळी साखर यात आली. गूळ मात्र धरलेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांची आहे, आणि जमल्यास ५ टक्के. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे प्रमाण ५० आणि २५ ग्रॅम होते.

२५ ग्रॅम म्हणजे चहाचे सपाट पाच चमचे. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच ही मर्यादा ओलांडली जाते. शीतपेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या एका बाटलीत दिवसभराचा कोटा भरला. श्रीखंडाला चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर लागते. बाजारच्या श्रीखंडात वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास साखर असते. पाडव्याला पहिल्यांदा वाढलेल्या १०० ग्रॅमच्या वाटीतच ४० ग्रॅम साखर येते, मग आग्रहाची दुसरी वाटी वेगळीच.

या साखरेने काय होते? दातांवरचे जिवाणू ती खाऊन आम्ल तयार करतात आणि दात किडतात, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. पेयातून गेलेली साखर पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही. सरबत प्यायले म्हणून कुणी पोळी कमी खात नाही, त्यामुळे ती साखर जेवणाच्या वरची ठरते. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो. तो मुख्यत्वे यकृतात वापरला जातो आणि अति झाला तर तिथे चरबी साठायला हातभार लावतो.

लहान वयातल्या साखरेचा परिणाम किती लांबवर जातो, याचा एक चांगला पुरावा ब्रिटनमधून आला आहे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे साखरेचे रेशनिंग होते, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि खप झपाट्याने वाढला. त्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गर्भात असल्यापासूनच्या पहिल्या हजार दिवसांत ज्यांना रेशनची बेताची साखर मिळाली, त्यांच्यात पुढे टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला.

तरीही साखरेला विष म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. रक्तातली साखर किती वेगाने वाढते ते मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स पाहिला, तर साखरेचा आकडा ६५ च्या आसपास येतो. मैद्याचा पाव आणि पांढरा भात यांचे आकडे बहुधा त्याच्याही वर असतात. साखरेचा दोष तिच्या जातीपेक्षा तिच्या मापात आहे.

स्वीटनरच्या घराण्यात कोण कोण

या घराण्यातले बहुतेक जण अपघाताने सापडले. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डांबराच्या संयुगांवर काम करणाऱ्या कॉन्स्टंटाइन फालबर्गला जेवताना स्वतःचा हात गोड लागला, आणि सॅकरीन मिळाले. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर हा रसायनशास्त्रज्ञ अल्सरवरचे औषध शोधत होता. कागद उचलायला बोट ओले करताना त्याला ॲस्पार्टेमची चव कळली. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या संशोधकाला प्राध्यापक लेस्ली हफ यांनी एक संयुग 'टेस्ट' करायला सांगितले. फडणीसांनी ते 'टेस्ट' म्हणजे चाखायचे असे ऐकले आणि जिभेवर ठेवले. तेच सुक्रालोज. साखरेच्याच रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवले की ते तयार होते, आणि साखरेच्या सुमारे ६०० पट गोड लागते. ॲस्पार्टेम सुमारे २०० पट गोड, सॅकरीन ३०० पटींच्या वर.

स्टीव्हिया ही पराग्वेची वनस्पती. तिथले ग्वारानी लोक तिची पाने पूर्वापार वापरत आले. अन्नपदार्थांत परवानगी आहे ती या पानांतून काढलेल्या शुद्ध ग्लायकोसाइडना, आणि भारतात ती २०१५ मध्ये मिळाली. 'वनस्पतीतून आले म्हणून ते आरोग्याचे' एवढ्यावर निर्णय करू नये. पुडीतली पांढरी पूड कारखान्यात गाळून, शुद्ध करून, स्फटिक करूनच आलेली असते.

एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांची जात निराळी. यांना साखर-अल्कोहोल म्हणतात. यांची गोडी साखरेच्या जवळपास किंवा थोडी कमी असते आणि यांना आकारमानही असते, म्हणून 'कीटो' बिस्किटांत आणि शुगर-फ्री मिठाईत हीच वापरतात. माल्टिटॉल रक्तातली साखर काही प्रमाणात वाढवते. शिवाय सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल जास्त झाले की पोट फुगते आणि जुलाब होतात.

वजन: दोन प्रकारचे अभ्यास, दोन उत्तरे

वजनाबाबत संशोधन परस्परविरोधी दिसते. त्याचे कारण अभ्यासांच्या पद्धतीत आहे.

ज्यांत चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडून एका गटाला साखरेचे आणि दुसऱ्याला स्वीटनरचे पेय देतात, अशा प्रयोगांत स्वीटनर थोडा फायद्यात राहतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात ६४१ मुलांना दीड वर्ष रोज पाव लिटर पेय दिले. निम्म्यांच्या पेयात साखर होती, निम्म्यांच्या पेयात स्वीटनर, आणि कोणाला काय मिळते ते मुलांनाही ठाऊक नव्हते. वाढत्या वयाची मुले असल्याने वजन दोन्ही गटांत वाढले. स्वीटनरच्या गटात ते सरासरी ६.३५ किलोने वाढले, साखरेच्या गटात ७.३७ किलोने. रोजची फक्त एक बाटली बदलल्याने एक किलोचा फरक पडला.

हजारो लोकांना वर्षानुवर्षे नुसते पाहत राहणाऱ्या निरीक्षण-अभ्यासांत मात्र उलटे दिसते. स्वीटनर घेणाऱ्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या शिफारशीसाठी २८३ अभ्यास तपासले. प्रयोगांमध्ये स्वीटनरच्या गटाचे वजन सरासरी ०.७१ किलोने कमी होते. निरीक्षण-अभ्यासांत स्वीटनरची पेये जास्त पिणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचा धोका २३ टक्क्यांनी जास्त दिसला. हे प्रयोग बहुतांशी तीन महिन्यांच्या आतले होते, म्हणून संघटनेने लांबच्या काळाकडे पाहिले आणि 'वजनासाठी नको' असा कौल दिला.

या कौलातल्या तीन गोष्टी बातम्यांत गळाल्या. एक, शिफारस 'सशर्त' आहे, म्हणजे पुरावा भक्कम नाही हे संघटनेनेच मान्य केले आहे. दोन, ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. तीन, साखर-अल्कोहोल तिच्या कक्षेबाहेर आहेत. निरीक्षण-अभ्यासांत मोठी मेख अशी, की स्वीटनरकडे वळतात ते बहुधा आधीच वजन वाढलेले किंवा डॉक्टरांनी तंबी दिलेले लोक. त्यांच्यात पुढे मधुमेह जास्त निघाला तर तो गोळीमुळे आला की गोळी सुरू करायला लावणाऱ्या परिस्थितीमुळे, हे निरीक्षणातून नेमके सांगता येत नाही.

इथे पैसा कुणाचा, हेही पाहावे लागते. लिव्हरपूलमध्ये झालेल्या एका प्रयोगात ४९३ जणांना वर्षभर वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात ठेवले होते. पाणी पिणाऱ्यांचे वजन ६.१ किलोने उतरले, तर स्वीटनरची पेये पिणाऱ्यांचे ७.५ किलोने. त्या प्रयोगाला अमेरिकी शीतपेय उद्योगाच्या संघटनेने पैसा दिला होता. प्रयोग तेवढ्याने खोटा ठरत नाही, पण त्या एकट्यावर विसंबू नये. साखरेच्या बाजूचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. १९६७ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हृदयविकारात साखरेपेक्षा चरबीकडे बोट दाखवणारा आढावा लिहिला. त्यासाठी साखर उद्योगाने ६,५०० डॉलर दिले होते, हे जुन्या कागदपत्रांतून २०१६ मध्ये उघड झाले.

या सगळ्याचा मेळ घातला तर एवढे म्हणता येते: गोड पेयांतून भरपूर साखर पिणाऱ्याने तिच्या जागी स्वीटनर घेतला तर थोडा फायदा होतो. पण 'मी शुगर-फ्री घेतो' म्हणून जेवणात हात सैल सोडला तर तो फायदा तिथेच जिरतो.

रक्तातली साखर आणि आपले ताट

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार, जिचे आकडे २०२३ मध्ये जाहीर झाले, भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वांत वरचा क्रमांक गोव्याचा, तिथे हे प्रमाण २६.४ टक्के निघाले. ज्या घरात कुणाला 'शुगर' नाही असे घर शहरांत शोधावे लागते, आणि गोळ्यांचा सर्वांत मोठा ग्राहकही मधुमेहींच्याच घरांत आहे.

त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगी अभ्यास चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १७९ मधुमेहींनी भाग घेतला. बारा आठवडे काहींनी चहा-कॉफीत साखरेऐवजी थोडे सुक्रालोज घातले, काहींनी साखरच चालू ठेवली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. वजन आणि कमरेचा घेर मात्र सुक्रालोजच्या गटात किंचित उतरला.

या निकालाने दोन्ही बाजूंचे समज मोडतात. चहातल्या सुक्रालोजने साखर वाढते अशी भीती बाळगणाऱ्यांना तसे काही दिसले नाही. चहातली साखर बंद केली म्हणजे मधुमेह ताब्यात आला असे मानणाऱ्यांनाही दिलासा मिळाला नाही. कारण आपल्या ताटात आहे. त्याच देशव्यापी पाहणीच्या २०२५ मधल्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीय माणूस ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून मिळवतो, आणि त्यांतला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेले धान्य आणि साखर यांचा असतो. दोन चमचे साखर वाचवून ताटभर भात तसाच ठेवला तर रक्ताला फरक कळणार कसा?

मधुमेहींनी एक गोष्ट गाठ बांधून ठेवावी. इन्सुलिन किंवा काही औषधांमुळे साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर शुगर-फ्रीची गोळी काहीच कामाची नाही. तेव्हा तीन चमचे खरी साखर किंवा ग्लुकोज लागते, आणि तेही लगेच. घरात कुणीच साखर खात नसले तरी थोडी डब्यात असलीच पाहिजे.

कर्करोगाची भीती कुठे थांबावी

ही भीती जुनी आहे. अमेरिकेने सायक्लामेट या स्वीटनरवर १९६९ मध्ये बंदी घातली. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगांत सॅकरीन भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, आणि अमेरिकेत सॅकरीनच्या पाकिटांवर इशारा छापला जाऊ लागला. पुढे कळले, की ही प्रक्रिया उंदराच्या लघवीच्या विशिष्ट रसायनाशी जोडलेली आहे आणि माणसात ती तशी घडत नाही. २००० मध्ये तो इशारा काढून टाकला गेला.

ॲस्पार्टेमला २०२३ मध्ये '२ब' गटात घातले. या गटात 'धोका असू शकतो, पण पुरावा मर्यादित' अशा गोष्टी येतात. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. तंबाखू आणि दारू मात्र पहिल्या, म्हणजे सिद्ध झालेल्या गटात आहेत. ही यादी पुराव्याचा भक्कमपणा सांगते, धोक्याचे माप सांगत नाही. फ्रान्समधल्या लाखाहून अधिक लोकांच्या एका निरीक्षण-अभ्यासात जास्त स्वीटनर घेणाऱ्यांत कर्करोग १३ टक्के जास्त आढळला होता, म्हणून विषय संपलाही नाही. पण तोही निरीक्षणाचाच अभ्यास, त्यामुळे वरची मेख त्यालाही लागू.

माप सांगणारी मर्यादा अशी: ॲस्पार्टेम दिवसाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत चालते. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा २,४०० मिलिग्रॅम येते. चहाच्या एका गोळीत साधारण १८ ते २० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असते, म्हणजे दिवसाला १२० गोळ्या. एवढा चहा कुणी पीत नाही. आता हेच गणित १५ किलोच्या मुलासाठी करा: मर्यादा ६०० मिलिग्रॅम. डाएट शीतपेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असू शकते, म्हणजे दोन-तीन कॅनमध्ये मूल मर्यादेला टेकते. मोठ्यांसाठी दूरची असलेली रेषा मुलांच्या बाबतीत अशी जवळ येते. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना तर ॲस्पार्टेम पूर्ण वर्ज्य आहे.

आतडी आणि हृदय: नवे प्रश्न

स्वीटनर शरीरातून नुसतेच निघून जातात, हा समज गेल्या दशकात डळमळला. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये 'सेल' या नियतकालिकात १२० निरोगी प्रौढांवरचा प्रयोग मांडला. दोन आठवडे मर्यादेपेक्षा कमी मात्रेत स्वीटनर दिल्यावर आतड्यांतल्या जिवाणूंची घडण बदलली. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांत ग्लुकोज पचवण्याची क्षमताही काही काळ बिघडली. परिणाम प्रत्येकात सारखा नव्हता, काहींना पुष्कळ तर काहींना जवळजवळ नाहीच. प्रयोग दोन आठवड्यांचा असल्याने त्यावरून आयुष्यभराचा निष्कर्ष काढता येत नाही.

एरिथ्रिटॉलचा मामला हृदयाचा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना २०२३ मध्ये असे आढळले, की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होते त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आले. शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल बनवते, त्यामुळे हा आकडा खाण्यातून आला की आजारी शरीरातूनच, ही शंका राहते. पण त्याच गटाने आठ निरोगी स्वयंसेवकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पेयातून दिले, तेव्हा रक्तातली पातळी दोन दिवसांहून अधिक काळ चढलेली राहिली, आणि ती पातळी रक्ताच्या गुठळ्या होण्याला पोषक ठरेल एवढी होती. २०२४ मध्ये झायलिटॉलबद्दलही असाच इशारा आला. हृदयविकार असलेल्यांनी 'कीटो' पदार्थांवर रोज ताव मारू नये, एवढी सावधगिरी सध्या रास्त आहे.

पाक, मोरांबा आणि जिलबी

चहात एक गोळी विरघळली की काम झाले. स्वयंपाकघरात साखर गोडीशिवाय आणखीही बरीच कामे करते, आणि तिथे स्वीटनर उघडा पडतो. मोरांबा वर्षभर टिकतो, कारण साखर त्यातले पाणी बांधून ठेवते आणि बुरशीला ते मिळत नाही. सुक्रालोजचा मोरांबा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर त्यात परिरक्षक घालावे लागते. एकतारी पाक स्वीटनरचा होतच नाही, कारण तार साखरेच्या दाट द्रावणाची असते आणि चिमूटभर पुडीत तेवढे द्रव्यच नसते. श्रीखंडातली साखर काढली की निम्मा ऐवज जातो आणि उरतो तो आंबट, कोरडा चक्का. ही पोकळी भरायला मग माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टिटॉल किंवा सुकामेवा येतो. पुडीतल्या स्वीटनरला भर म्हणून जे डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात तेही शेवटी कर्बोदकच.

उष्णतेचाही प्रश्न आहे. ॲस्पार्टेम शिजवताना विघटन पावते आणि गोडी जाते, म्हणून ते खिरीत उकळू नये, उतरवल्यावर घालावे. सुक्रालोज उकळत्या चहात टिकते. पण १२० अंशांच्या वर तापले तर त्यातून क्लोरीनयुक्त नको ती संयुगे तयार होऊ शकतात, असे जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये नोंदवले. आपली भाजण्या-तळण्याची उष्णता याहून किती तरी जास्त असते. बेक केलेल्या बिस्किटांत आणि तळणीत सुक्रालोज नको.

गूळ, मध आणि 'नैसर्गिक' गोडी

साखर सोडून गुळावर आलेल्यांची संख्या आपल्याकडे मोठी. कोल्हापुरी गूळ चवीला श्रेष्ठ यात शंका नाही. त्यात लोह आणि इतर खनिजे साखरेपेक्षा जास्त असतात हेही खरे. पण १०० ग्रॅम साखरेतून ४०० कॅलरी मिळतात, तर १०० ग्रॅम गुळातून ३८० च्या आसपास. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोजच आहे. चमचाभर गुळातून मिळणारे लोह वाटीभर मोड आलेल्या कडधान्यापुढे किरकोळ आहे. मध म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रक्ताच्या दृष्टीने ही सगळी साखरेचीच भावंडे, आणि २५ ग्रॅमच्या मर्यादेत गूळ-मधही मोजायचे. मधुमेही माणसाने 'गुळाचा चहा चालतो' असे म्हणून दोन खडे टाकले तर त्याने स्वतःलाच फसवले.

पाकिटाची मागची बाजू

एक शुगर-फ्री काजू-खव्याची बर्फी हातात घ्या. पुढे मोठ्या अक्षरांत साखर नाही असे लिहिलेले असते. मागे घटकांत खवा, काजू, माल्टिटॉल, तूप. १०० ग्रॅम खव्यात चारशेच्या आसपास कॅलरी असतात आणि काजूत त्याहून जास्त. म्हणजे साखर गेली, पण बर्फी तेवढीच जड राहिली. खजूर-अंजीर बर्फीवर 'नो ॲडेड शुगर' लिहिलेले असते, कारण साखर वरून घातलेली नाही. खजुरातली साखर मात्र जागच्या जागी असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे 'शुगर-फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही. 'नो ॲडेड शुगर' हा निराळा दावा आहे.

स्वीटनर ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे घटकांतले आकडे: ९५० ॲसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचे ग्लायकोसाइड, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. स्वीटनर असलेल्या पदार्थांवर मुलांसाठी शिफारस नसल्याची सूचना छापलेली असते, ती बारीक अक्षरांत असली तरी वाचावी. सॅकरीन साखरेपेक्षा खूप स्वस्त पडते, म्हणून ते मधुमेहींच्या डब्यापुरते राहत नाही. पानमसाल्यात त्याला कायद्याने परवानगी आहे, आणि शाळेबाहेरच्या स्वस्त बर्फाच्या गोळ्यांत व रंगीत सरबतांत ते बिनबोभाट वापरले जाते.

सरकारी धोरण या बाबतीत उदासीन आहे. ब्रिटनने २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या खाली साखर असली तर कर नाही, म्हणून कंपन्यांनी साखर उतरवली. आपल्याकडे शीतपेयांवर जीएसटीचा बोजा मोठा आहे, पण साखर दोन ग्रॅम असो वा अकरा, दर तोच. साखर कमी करायला उत्पादकाला काही कारणच उरत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांत साखरेची माहिती देणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, हे पाऊल योग्य दिशेचे. तसे फलक प्रत्येक शाळेच्या उपाहारगृहात लागायला हवेत.

मग करायचे काय

फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्राने २०१६ मध्ये एक छोटा प्रयोग केला. ज्यांनी काही महिने साखर बरीच कमी केली त्यांना तेच पुडिंग पूर्वीपेक्षा जास्त गोड लागू लागले. पुन्हा जुना आहार सुरू केल्यावर हा बदल ओसरला. गोडाची आवड मात्र त्याने कमी झाली नाही. म्हणजे साखर कमी केली की जीभ थोड्या गोडीवरही भागवू शकते, पण आवड आपोआप जाईल अशी आशा धरू नये.

तेव्हा पुराव्यातून निघणारे उत्तर असे. निरोगी माणसाने चहातली साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करावी. त्याला गोळीची गरज नाही. मधुमेह असलेल्याने किंवा ज्याला गोडाशिवाय चहा घशाखाली उतरत नाही त्याने दिवसाला दोन-तीन कपांपुरती गोळी वापरायला हरकत नाही. पण साखर ताब्यात ठेवण्याचे खरे काम भात, पोळी आणि भाकरीच्या मापात, चालण्यात आणि औषधांत आहे. गोड शीतपेय सोडणे जमतच नसेल तर काही दिवस स्वीटनरचे घ्या आणि तिथून पाण्यावर, ताकावर या. मुलांना आणि गरोदर बाईला स्वीटनर नको. मुलांना साखरेचे पेयही रोजचे नको. हृदयविकार असेल तर एरिथ्रिटॉलची बिस्किटे दुकानातच राहू द्या. शुगर-फ्री मिठाईवर पैसे घालवू नका, ती महाग असते आणि कॅलरी वाचवत नाही. सणाला खऱ्या साखरेचे श्रीखंड अर्धी वाटी घ्या, आग्रहाच्या दुसऱ्या वाढीला नाही म्हणा, आणि त्या दिवशीचा भात कमी करा. स्वीटनरची जागा कपात आहे, ताटात नाही.